नाहोरची टाच

"काका, आता किती रुततेय?" रेडिओवरून वैमानिकाने विचारलं.

नाहोर धावपट्टीवर अनवाणी उभा होता. विमान यायच्या आधी पट्टी चालायची, दर दहा पावलांवर टाच आपटायची आणि जमीन काय म्हणते ते रेडिओवर सांगायचं, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. पापुआच्या डोंगरातल्या आमच्या गावाला रस्ता नाही. मीठ, औषधं, माझ्या शाळेची पुस्तकं, सगळं त्या चिमुकल्या विमानातून येतं. विमान चाकांवर नाही, नाहोरच्या टाचेवर उतरतं, असं आम्ही चिडवायचो.

आज चिडवायची कुणाची छाती नव्हती. नाहोरची लेक देमिना बाळंतपणात दोन दिवस अडली होती. सकाळी त्याची टाच घोट्यापर्यंत रुतली, आणि पोटची पोर कण्हत असताना त्याने खरं तेच कळवलं. तिला शहरातल्या दवाखान्यात न्यायला विमान आलं नाही.

मग बायका कामाला लागल्या. पाहुणा येणार म्हणून घरात अंथरतो, तसं ओलं गवत कापून त्यांनी सगळ्या मऊ जागेवर जाड अंथरलं.

"आता आपट बघू, दादा," त्याची बहीण तेरिना म्हणाली. "भाचीसाठी अंथरलंय!"

नाहोरने टाच आपटली. पुन्हा आपटली.

"रुतत नाही," त्याने कळवलं. गवताचं सांगावं हे त्याच्या मनातही आलं नाही. घरात गवत अंथरलंय, हे कुणी पाहुण्याला सांगतं का?

दुपारी विमान आलं. चाकं अलगद टेकली, पोरांनी आरोळ्या ठोकल्या. वैमानिकाने ब्रेक दाबले, आणि ओल्या गवतावरून विमान घसरलं ते घसरतच गेलं. "थांब, थांब रे!" नाहोर त्याला असा ओरडत होता, जसं सुटलेल्या डुकराला ओरडावं. विमान नाकावर चरात कोसळलं आणि एक पंख मोडला.

वैमानिक दानांगला आम्ही बाहेर काढलं. पाय मोडला होता.

"काका, तुम्ही तर म्हणालात रुतत नाही."

"रुतत नव्हती रे, पोरा."

तेरिना कपाळ बडवून घेत होती. "मीच घात केला!"

"गप," नाहोर म्हणाला. "तू चांगल्यासाठीच केलंस." त्याला रागही धड येईना. राग धरायचा तरी कुणावर?

संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाने विमान ओढून बाजूला केलं. बायकांनी गवत हातांनी वेचून काढलं.

"बाबा, विमानाचा आवाज आला ना?" देमिनाने विचारलं.

"आला."

"मग?"

"उद्या दुसरं येतंय."

उजाडायच्या आत देमिना गेली. बाळही गेलं.

सकाळी लख्ख ऊन पडलं. दुःखात आमच्याकडे तोंडाला चिखल फासतात. नाहोरने तो फासला आणि तसाच पट्टीवर गेला. मी म्हटलं, "आज मी चालतो." त्याने ऐकलं नाही.

शहरातून रेडिओवर आवाज आला, "पट्टी कशी आहे?"

"खालच्या टोकाला रुततेय. वरच्या अर्ध्यात उतरा. गवत काढलंय."

"पेशंट किती? वैमानिक आणि तुमची लेक, दोघं ना?"

नाहोरने बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"एकच," तो म्हणाला. मग दहा पावलं पुढे गेला आणि टाच आपटली.