साडेसात तासांवरचा भाऊ

माझा भाऊ इनॉक इस्रायलमध्ये अश्दोदला गेला तेव्हापासून त्याचं एकच पालुपद होतं : "शुलू, काळजी कशाला करतेस? साडेसात तासांवर तर आहे मी." पप्पांना पक्षाघात झाला तेव्हा तो साडेसात तासांवर होता. त्यांना घास भरवायची वेळ आली तेव्हाही तिथेच. विमानाला किती वेळ लागतो ते त्याला तोंडपाठ होतं, विमान तेवढं कधी सापडलं नाही.

शुक्रवारी सकाळी पप्पांनी करंजाडेच्या आमच्या फ्लॅटमध्ये डोळे मिटले. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, शनिवारभराचा सक्तीचा विसावा; त्यात ना प्रवास ना काम, मग दफन रविवारवर जातं. इनॉक फोनवर रडला आणि म्हणाला, "रविवारपर्यंत थांब. आता निघालो तर शब्बाथ हवेतच लागेल. मला ते चालत नाही."

पनवेलला असताना हाच शब्बाथला सिनेमा बघायला पळायचा.

"पप्पांना दोन दिवस बर्फावर ठेवणार नाही," मी म्हणाले. "आजच होईल."

पप्पांची एकच इच्छा होती, कबरीपाशी कद्दिश म्हटली जावी. त्या प्रार्थनेला आमच्यातले दहा पुरुष लागतात. पनवेलमध्ये आता दहा उरलेत कुठे? बहुतेक घरं कधीच विमानात बसून गेली. दिवसभर मी फोन लावत होते. ठाण्याचे आले, अलिबागचे आले. नऊ झाले. दहावा, पेणचा मोरान, पळस्प्याला उलटलेल्या ट्रेलरमागे अडकला. आम्ही कबरस्तानात पोचलो, ऊन उतरायला लागलं तरी तो तिथेच.

"मी हाय ना!" आमचे शेजारी दाजी पुढे आले. पप्पांना खांदा त्यांनीही दिला होता. "मी ऱ्हातो उभा. काय फरक परतो?"

एलियाहूकाका, आमच्यातले सगळ्यात वडीलधारे, त्यांनी दाजींचा हात धरला. "तसं चालत नाही हो."

"मंग ही शुलू? सगला तिनीच केलाय!"

"बायकांना मोजत नाहीत."

मी पप्पांच्या शेजारी उभी होते आणि मोजणीत नव्हते.

तेवढ्यात इनॉकचा व्हिडिओ कॉल आला. "इथे आमच्या सिनेगॉगमध्ये चिक्कार माणसं आहेत, दहा इथेच भरतात. फोन कबरीकडे धर."

मी दोन्ही हातांनी धरला. तिकडून त्याने कद्दिश म्हटली, इकडून नऊ जणांनी आमेन म्हटलं. पप्पांची इच्छा पुरी झाली म्हणून मला रडू फुटलं, आणि इनॉकने इतक्या स्वस्तात सुटावं याचा रागही आला.

"पोचलो ना मी?" तो म्हणाला. "आता तू मोकळी. घर विक आणि निघून ये."

मला जायचंच होतं. पप्पा अंथरुणाला खिळल्यापासून रोज जायचं होतं. "येते," मी म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला मोकळा श्वास घेता आला.

कबरस्तानाच्या दाराशी हात धुताना एलियाहूकाका जवळ आले. त्यांचे दोन्ही मुलगे तिकडेच, इस्रायलमध्ये हैफाला असतात.

"तू जाणार ना आता? जायलाच हवं, बाळा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "फक्त माझं झाल्यावर जा. तू नसतीस तर आज नऊसुद्धा जमले नसते."

काका अठ्ठ्याहत्तरचे आहेत. ठणठणीत. त्यांचे वडील शंभरीला टेकून गेले.

मी "बरं" म्हणाले.