अर्ध्यावर न आलेला बावटा

मी जहाजाचा लाल बावटा बोलतोय. लाल बावटा म्हटल्यावर तुम्हाला मोर्चा आठवला असेल, पण मी त्यातला नव्हे. इंग्रजांकडे अजून काही बेटं राहिली आहेत. तसल्याच एका बेटावर नोंदवलेल्या मालवाहू जहाजाच्या मागल्या टोकाला मी फडकायचो. सरकारी जहाजाला निळा आणि व्यापारी जहाजाला लाल, असा तिथला जुना नियम. माझ्या वरच्या कोपऱ्यात राज्यकर्त्यांचं निशाण, उरलेल्या लालात बेटाचा पांढरा समुद्रपक्षी.

ते बेट मात्र मी कधी पाहिलं नाही. जहाजही तिकडं गेलं नाही. कागदावर नोंद तिथली, एवढंच नातं.

मला रोज चढवायचा-उतरवायचा तो भरमू, बेळगावजवळच्या पिरनवाडीचा खलाशी. त्याचे वडील रवळूआप्पा बेळगावच्या खासबागेत कापडाच्या मागावर कामाला होते. एकदा फोनवर लेकाचं तोंड बघता बघता त्यांची नजर माझ्यावर पडली.

"भरमू, कापड कसलं रं ते? जरा जवळ धर."

भरमूनं माझी कड फोनसमोर धरली.

"वीण बरी हाय. पर कडंला दुहेरी टीप घाल, न्हायतर वाऱ्यानं उसवंल."

त्याच दिवशी भरमू सुईदोरा घेऊन बसला. माझ्या रंगावर आणि नियमांवर मी पुष्कळ बोलणं ऐकलं होतं. मी टिकावं असं वाटणारा माणूस मात्र तो पहिलाच.

पुढं त्या बेटाचा कुणी माजी गव्हर्नर वारला. जहाजावर त्याला कुणी ओळखत नव्हतं. तरी दुखवट्याचा हुकूम आला आणि मी दिवसभर काठीच्या अर्ध्यावर राहिलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भरमूला घरून फोन आला. आप्पा गेले. किनारा लांब, मातीला पोचणं शक्य नव्हतं. तो कप्तानापुढं जाऊन उभा राहिला.

"साहेब, माझे वडील गेले. आजच्या दिवस बावटा अर्ध्यावर घेऊ?"

कप्तानानं टोपी काढली. भला माणूस होता तो. "वाईट झालं, भरमू. पण हा बावटा तुझा नाही, माझाही नाही. बेटाच्या हुकमाशिवाय खाली घेता येत नाही."

भरमू माझ्याजवळ आला. दोरीला हात घातला, आणि काढून घेतला. त्या दिवशी वारा जोराचा होता. त्याच्यासमोर तसं ताठ फडकायची मला लाज वाटली.

नंतर जहाज विकलं गेलं. नोंद दुसऱ्या देशात गेली, तसा बावटाही बदलला. भरमूनं मला मागून घेतलं आणि घरी आणलं.

गुणाबाईंनी, त्याच्या आईनं, मला मांडीवर पसरलं. "तुझ्या आप्पासाठनं उतरवू दिला न्हाय, त्यो ह्योच व्हय?"

"व्हय."

"मग आता उतरव की. आता कोण इचारतंय?"

भरमूनं माझ्या कडेच्या दुहेरी टिपेवरून बोट फिरवलं. "आई, उतरवायला आधी चढवाय लागतंय. आन् ह्यो जहाजाबिगर चढवायचा न्हाय."

गुणाबाईंनी माझी घडी घातली आणि मला कपाटात ठेवलं.

आता मला वाऱ्याची हौस उरलेली नाही. जन्मभर परक्या हुकमावर चढलो, उतरलो. एकदाच मनापासून उतरायचं होतं, ते राहून गेलं. तुमच्यापुढं असा कुणी येऊन उभा राहिला, तर नियम सांगण्याआधी त्याच्या तोंडाकडं एकदा बघा.