काकू, आतून जाऊ?

गणिताच्या निवृत्त मास्तरांनी नकाशावर पेन्सिल टेकवली आणि घरापासून वाचनालयापर्यंतची रेघ शांतपणे गल्लीच्या वळणावरून नेली. वर तिथे एक हिरवा ठिपकाही चिकटवला. रेघ म्हणजे रोजची वाट, हिरवा ठिपका म्हणजे इथून चालायला भीती वाटत नाही, लाल म्हणजे वाटते, असं पालिकेच्या इंजिनिअरबाईंनी शाळेच्या हॉलमधल्या या बैठकीच्या सुरुवातीलाच समजावलं होतं.

मागे उभ्या असलेल्या शिलाईकाकू चष्मा पुसत राहिल्या. मास्तर निवृत्त झाल्यापासूनच्या बारा वर्षांत एकदाही त्या वळणावरून गेले नव्हते. ते रोज काकूंच्या दुकानातून जात; पुढच्या दारानं आत, मशीन आणि इस्त्रीच्या टेबलामधून, मागच्या दारानं शाळेच्या रस्त्यावर.

सगळी गल्लीच तशी जायची. वळणावर फूटपाथ नव्हता, आणि ट्रक भिंतीला घासून वळत. एकोणीस वर्षांपूर्वी तिथेच काकूंच्या दहा वर्षांच्या लेकीचा पाय टेम्पोखाली आला. पाय वाचला, पण चाल तिरकी राहिली ती राहिलीच. त्याच महिन्यात काकूंच्या नवऱ्यानं कुणालाही न विचारता दुकानाची मागची भिंत फोडून दार बसवलं. आधी लेक त्यातून शाळेत जाऊ लागली, मग तिच्या मैत्रिणी, मग मैत्रिणींचे आजोबा. पुढे नवरा वारला, लेक लग्न होऊन परगावी गेली, पण दार चालूच राहिलं. "काकू, आतून जाऊ?" एवढं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता घुसायचं. सायकलींच्या चाकांना दोरे गुंडाळले जायचे, काकू कुरकुरायच्या आणि कात्रीनं सोडवून द्यायच्या. शेजारची तिसरीतली मुलगी तर जाता जाता रोज इतकं काही विचारायची की काकूंनी तिचं नाव प्रश्नपत्रिका ठेवलं होतं.

फक्त शाळेच्या दिवशी दुकान बंद ठेवणं काकूंना कधी जमलं नाही. लेकीला बाळ होऊन तीन महिने झाले होते. ती दर रविवारी फोनवर विचारायची, येतेस कधी, आणि काकू सांगायच्या की कपडे शिवायचे पडलेत. दुकान बंद राहिलं तर मुलं वळणावरून जातील हे खरं कारण त्या लेकीपाशी कशाला काढतील?

मास्तरांमागून दूधवाला आला, मग नर्स, मग प्रश्नपत्रिकेची आई. एकेकाची रेघ वळणावरून गेली, एकेकाचा हिरवा ठिपका तिथेच बसला. कुणी काकूंकडे बघेना. तेव्हा काकूंच्या डोक्यात प्रकाश पडला. बिनपरवान्याचं दार नकाशावर दिसलं तर ऑफिसवाले ते बुजवतील, म्हणून गल्लीनं आपसात ठरवून टाकलं होतं की दुकानाचं नाव काढायचं नाही. आणि लाल ठिपका लावला तर मग तुम्ही जाता कुठून, हा प्रश्न आलाच असता. काकूंचा ऊर भरून आला.

इंजिनिअरबाई, वयानं काकूंच्या लेकीएवढ्याच, नकाशावर वाकून म्हणाल्या की वळणाबद्दल कुणाची काहीच तक्रार दिसत नाही. पायी आणि सायकलनं जाणाऱ्यांसाठी यंदा एकाच ठिकाणी काम होणार होतं. मग ते बागेच्या बाजूला घेऊ या का, असं त्यांनी विचारलं.

मास्तर स्वतःच्या बुटांकडे बघू लागले. शहाणपणा अंगाशी आला होता, आणि तो निस्तरायचा कसा हे कुणालाच सुचत नव्हतं.

काकूंनी मनाशी हिशेब मांडला. बोललं तर दार जाणार, आणि उद्यापासून पोरं वळणावर. गप्प राहिलं तर वळण आहे तसंच राहणार. आणि आपण तरी किती वर्षं दुकान उघडत राहणार? त्या पुढे झाल्या आणि त्यांनी पेन्सिल उचलली.

"ही सगळी माणसं खोटं बोलतायत," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी."

त्यांनी स्वतःच्या दुकानाच्या मधून आरपार रेघ ओढली. मग वळणावर लाल ठिपका चिकटवला आणि नखानं दाबून धरला.

"इथे माझ्या लेकीचा पाय मोडला. तेव्हापासून मी स्वतः इथे पाऊल टाकलेलं नाही."

इंजिनिअरबाईंनी पिशवीतून एक चुरगळलेला कागद काढला.

"दोन दिवस सकाळी मी या वळणावर उभी होते. मिळून नऊ माणसं मोजली. आज या रेघा बघून वाटलं, मलाच मोजता येत नाही की काय."

"आणि दार?"

"मी रस्ते बघते, काकू. भिंतीतली दारं माझ्याकडे येत नाहीत."

काकू खुर्चीवर बसल्या. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तेवढ्यात मास्तरांनी, कुणाकडे खोडरबर आहे का, असं विचारलं, आणि सगळा हॉल हसू लागला. हिरवे ठिपके खरवडताना नकाशा दोन ठिकाणी फाटला.

पुढच्या बैठकांना गल्ली खरं बोलली. दिवा कुठे हवा ते नर्सनं दाखवलं, सायकलींना किती जागा लागते ते दूधवाल्यानं आपल्या सायकलला दुधाचे कॅन लावून मोजून दिलं. पाच महिन्यांनी वळणावर रुंद फूटपाथ झाला, त्याला लागून सायकलींचा पट्टा, आणि ट्रक वर चढू नये म्हणून कडेला बुटके खांब.

त्यानंतरच्या सोमवारी काकूंनी मागच्या दाराला आतून कडी घातली आणि पुढच्या दाराला कुलूप लावलं. हातात पिशवी, पिशवीत बाळाची सहा झबली. बसथांबा शाळेच्या रस्त्यावर होता. त्या वळणापर्यंत गेल्या आणि तिथेच थबकल्या.

प्रश्नपत्रिका धावत आली. "काकू, आतून जाऊ?"

"आज बाहेरून."

मुलीनं कुलूप पाहिलं, पिशवी पाहिली, मग काकूंचे पाय पाहिले.

"तुम्हाला भीती वाटते?"

"थोडी."

"मग माझ्याबरोबर चला," ती म्हणाली, आणि काकूंचा हात धरून स्वतः रस्त्याच्या बाजूला गेली. काकू तिला आतल्या बाजूला घेणार होत्या, पण त्यांनी तिला तिथेच राहू दिलं. शेजारून एक ट्रक गेला, चांगला चार हात लांबून.

बसथांब्यावर पोहोचल्यावर काकूंनी लेकीला फोन लावला.

"निघाले गं."

"खरंच? आणि दुकान?"

"कुलूप लावलंय. वळणावरून चालत आले."

"हे बाळालाच सांग," लेक म्हणाली. मग तिनं फोन बाळाच्या कानाला लावला.