महिपतीच्या बांधाची माती

"हौसा गो, आटप लवकर. भरती लागंल," जनूने वरून हाक दिली.

हौसा गुडघाभर चिखलात उभी राहून विळ्याने मातीचा ठोकळा कापत होती. साठीला आलेल्या बाईला हे नसते उद्योग सांगितले कुणी, असं जनूच्या मनात येत होतं. रोह्याच्या खाडीकाठी जुन्या बांधाचा जेमतेम आठ हात तुकडा उरला होता. दगडी बांध यायचा म्हणून उद्या जेसीबी तोही काढणार होता. त्या आठ हातांत हौसाच्या बापाचं, महिपतीचं नाव अडकलं होतं.

ती अकरा वर्षांची असताना ऐन उधाणात बांध फुटला. खारं पाणी भातात शिरलं आणि तीन वर्षं शेतात गवताची काडी उगवली नाही. बांध गावाने वाटून घातलेला. फुटला तो महिपतीच्या वाट्यात; त्यातलेच हे आठ हात मागे राहिलेले. "महिपतीने चिखल चोपलाच नाय, नुसता टाकला," असं पहिल्यांदा म्हणाला तो हाच जनू. त्याचं शेत सगळ्यांत आधी बुडालं होतं. तोंडातून गेलेला शब्द काय परत येतो होय? महिपती बायकोपोरीला घेऊन पेणला गेला, गणपतीच्या कारखान्यात माती मळायला लागला आणि तो डाग घेऊनच मेला. त्याच्यामागे हौसा चाळीस वर्षं त्याच कारखान्यात माती मळत होती.

गेल्या महिन्यात तिथे सारा अष्टमकर शाडूचा अभ्यास करायला आली. आडनाव रोह्याजवळच्या अष्टमी गावचं, पण तिचे आजोबाच मुंबईला गेलेले. ही सूक्ष्मदर्शकाखाली मातीचे फोटो काढायचं शिकलेली. लॅपटॉप उघडून तिने हौसाला दाखवलं, "ही तुमची शाडूची माती, मावशी. दहा हजार पट मोठी केलीय."

पापडांची चवड असावी तशा चकत्या दिसत होत्या.

"माती चोपून बसवली की चकत्या अशा आडव्या पडतात. नुसती टाकली की मध्ये पोकळ्या राहतात."

हौसाचे हात थांबले. "पन्नास वर्सांची माती असली तरी कळंल?"

"कळेल ना. फक्त जशी आहे तशी आणा."

म्हणून हा ठोकळा. चकत्यांचं हे तिने जनूलाही बांधावर सांगितलं होतं. परतीच्या एसटीत तिने तो मांडीवर घेतला आणि जरा फडकं बाजूला केलं. शिंपल्यांचे तुकडे, मुळं, खडे. तिला कसंसंच झालं. बाबा म्हणायचे, "दुसऱ्याच्या हातात माती द्यायची तर खडा काढून द्यावी. तांदूळ निवडल्याबिगर पाहुन्याला भात घालतो का आपन?" शिकल्यासवरल्या पोरीपुढे त्यांचीच माती अशी गबाळी ठेवायची? नागोठण्याच्या पुढे तिने खडे वेचायला घेतले. बाटलीतलं पाणी शिंपडलं, पदर खोचला आणि पेण येईपर्यंत माती लोण्यासारखी मऊ करून टाकली. आपण बापासाठी काहीतरी करतोय म्हणून ती वाटेत खूश होती.

दुसऱ्या दिवशी साराने फडकं सोडलं आणि त्या गोळ्यावर बोट दाबून पाहिलं.

"मावशी, मळलीत?"

"मंग? केवढे खडे होते त्यात."

साराने तिला जवळ बसवून हळूहळू सांगितलं. माती मळली की आतली जुनी घडण मोडते. आधी ती कशी बसली होती, ते मग कुणालाच सांगता येत नाही. हौसाने लगेच जनूला फोन लावला.

"जेसीबी सकाळीच येऊन गेला," जनू म्हणाला. "आता नुसता खड्डा हाय तिथं."

हौसा ढसाढसा रडली. हे हात तोडून टाकावेत असं तिला वाटलं.

साराने त्या गोळ्याचा फोटो तरीही काढला आणि कागदावर छापून पाठवला. हौसाने तो कारखान्यातल्या खिळ्याला अडकवला. गणपतीच्या आदल्या दिवशी जनू मूर्ती न्यायला आला, तेव्हा त्याने तो काढून हातात घेतला. चकत्यांवर चकत्या, मध्ये केसाएवढी फट नाही.

"ह्यो महिपतीच्या बांधाचा?" त्याचा आवाज खाली आला. "ही तर चांगली बसलेली दिसते. मंग आमी उगाच..."

नुसतं व्हय म्हटलं असतं तरी पुरे होतं. सारा मुंबईला होती आणि कारखान्यात दुसरं कुणी नव्हतं. हौसाला तो शब्द जिभेवर आल्यासारखा वाटला.

"नाय," ती म्हणाली. "माती त्याच्या बांधाची. पन ती मळली मी. बांध कसा व्हता, ते आता कोनालाच कळायचं नाय."

जनूने फोटो उजेडाकडे धरला.

"तुला मळायला कोनी शिकवलं गो?"

"बाबांनी. आनखी कोन शिकवनार?"

जनूने फोटो दोन्ही हातांनी परत खिळ्याला लावला. वाकडा झाला होता, तो सरळ केला. हौसाने मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकला आणि ती उचलून त्याच्या हातात दिली.

"जपून ने, जनूदादा," ती म्हणाली. "नागोठण्यापतुर खड्डे हायत."