जयप्रकाशांचं बोट

जयप्रकाश बापटांनी कलकत्त्यात टेलिफोनच्या नोकरीत एकतीस वर्षं "हॅलो, हॅलो" करून काढली. निवृत्त झाले तरी लाइन तपासायची खोड जाईना. देवापुढची घंटासुद्धा ते दोनदा वाजवून पलीकडून काही उत्तर येतंय का ऐकतात, असं त्यांची बायको वृंदा शपथेवर सांगे.

अशा माणसाला लेकीने बटणापाशी बसवलं होतं. कलकत्त्याजवळच्या बजबज गावातल्या एका बंद ज्यूट मिलमधून गंगेत उतरणारा, माणूस जेमतेम मावेल एवढा जुना लोखंडी नळ. लेक कादंबरी चाकांच्या फळीवर उताणी पडून त्यात शिरली होती आणि आपल्या कंपनीची नवी तार नळाला आतून चिकटवत होती. तार कसली, बारीक मण्यांची माळच. अंगातल्या मज्जातंतूसारखा एक मणी पुढच्याला ठोका देतो. ठोका जातो सावकाश, पण मैलभर गेला तरी थकत नाही. फक्त ठोका देऊन झाला की मणी क्षणभर पेंगतो. म्हणून दोन टोकांकडून दोन ठोके निघाले, तर भेटतात तिथे दोघांच्याही पुढे पेंगलेलेच मणी, आणि दोघेही विझतात. हे कादंबरीने सकाळी सांगितलं, तेव्हा बाबांनी मान डोलावली होती.

तारेच्या दोन्ही टोकांना ठोका सोडायचं एकेक बटण होतं. ठरलं होतं एवढंच: काम संपवून तिने सोडलेला ठोका येऊन इकडचा दिवा लागला की रहाट फिरवून फळी बाहेर ओढायची. आधी ओढली, तर तारेत गुंतलेला तिचा हात जायचा.

गंगेला समुद्राची भरती लागली. नळात पाणी खळखळू लागलं. दिवा लागेना. जयप्रकाशांनी हाका मारल्या. नळाने त्या जशाच्या तशा परत केल्या. लाइन जिवंत आहे ना, एवढंच पाहायला त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग दाबूनच धरलं, ठोक्यांमागून ठोके.

वृंदाबाई रहाटाला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. "अहो, बोट काढा."

"लाइन मेली असेल तर?"

"आयुष्यभर तुम्हीच विचारताय. आता त्या पोरीला बोलू द्या."

त्यांनी बोट उचललं, आणि ते पुन्हा तिकडे जाऊ नये म्हणून हात मांडीखाली घालून त्यावर बसले. खळखळ वाढली. त्यांनी नऊ श्वास मोजले. त्यातला एकही पुरता झाला नाही.

दिवा लागला.

दोघांनी मिळून रहाट असा फिरवला की दांड्यातून धूर निघाला. कादंबरी बाहेर आली ती केसांतून पाणी गाळत, दोन्ही हात छातीशी धरून.

"बाबा, मी कधीची दाबतेय."

"मीही," ते म्हणाले.

तेव्हापासून जयप्रकाश फोनवर एकदाच हॅलो म्हणतात आणि इतके गप्प राहतात, की मिठाईवाला तीनदा फोन ठेवतो, चौथ्यांदा घरी येऊन विचारतो.