मे, वे, नो

बेक्वाई गावच्या एका खाजगी शाळेत बालवर्गासाठी साठ शब्दांची कार्डं होती. स्वर्गाच्या दारातही हीच साठ कार्डं दाखवून आत घेतात, अशी मुख्याध्यापक आम्पोफो सरांची श्रद्धा होती. शब्द सगळे इंग्रजी, छोटे, येताजाता लागणारे. अक्षरं जुळवायची नाहीत. बघायचं आणि म्हणायचं.

"सासू समोरून येताना दिसली," सर शिक्षकांना समजावत, "तर आपण तिची अक्षरं जुळवत बसतो का? नजर पडताच चेहरा सरळ करतो. शब्दाचंही तसंच!"

फ्रेमा मॅडमनी वर्षभर तसंच शिकवलं. कार्ड वर गेलं की पस्तीस तोंडं उघडत आणि आवाज थेट रस्त्यापर्यंत जाई. पालक खूश होते, मॅडमही खूश होत्या. कार्ड उलटं धरलं तरी मुलं तेच म्हणत, याचा त्या फारसा विचार करत नसत.

शाळेत घरची भाषा, म्हणजे ट्वी, बोलायला बंदी होती. बोललं की गळ्यात लाकडी पाटी. मॅडम स्वतः नवऱ्याशी ट्वीतच भांडत, स्वप्नंही ट्वीतच बघत. पण फाटकाच्या आत पाऊल पडलं की त्यांना ट्वी येईनाशी होई.

वर्षअखेरीची परीक्षा घ्यायला सर स्वतः बसले. पन्नास शब्द आले तर पहिलीत, नाहीतर पुन्हा बालवर्गात. चौतीस मुलं धडाधड पास झाली. शेवटी डुफी आली. सहा वर्षांची, नाक्यावर भाजकी केळी विकणाऱ्या आजीची नात.

सरांनी एम आणि ई असं लिहिलेलं कार्ड धरलं. इंग्रजीत 'मी'.

"मे," डुफी म्हणाली.

"चूक."

डब्ल्यू आणि ई. इंग्रजीत 'वी'.

"वे."

"चूक."

एन आणि ओ. "नो." हे बरोबर आलं. पुढं मात्र प्रत्येक कार्डावर ती बोट ठेवून पुटपुटायची आणि भलतंच काही म्हणायची. बेरीज अकरा.

"मॅडम, ही वर्षभर झोपली होती की काय?"

तेवढ्यात डुफीनं टेबलावरची तीन कार्डं ओढून शेजारी शेजारी मांडली, खालून बोट फिरवलं, "मे वे नो," म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून खुदकन हसली.

मॅडमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मे वे नो. ट्वीत त्याचा अर्थ, मी ते चावून खाते. पोरगी अक्षरं जुळवून, ट्वीसारखं वाचत होती! पस्तिसांत ही एकटीच वाचत होती. बाकीचे नुसते चेहरे ओळखत होते.

"हसतेय कशाला ही?" सरांनी विचारलं.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते ट्वीत शिरल्याशिवाय सांगता येत नव्हतं, आणि पुढचा प्रश्न उरलेल्या चौतिसांबद्दल आला असता.

"ठाऊक नाही, सर," मॅडम म्हणाल्या.

सरांनी शेरा लिहिला: वाचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी डुफीची आजी तो कागद घेऊन फाटकाशी आली. आजीला इंग्रजी येत नव्हतं आणि मॅडमना फाटकाच्या आत ट्वी येत नव्हती. मग पहारेकरी दुभाषा झाला.

"तिला आणखी वेळ लागेल," मॅडम इंग्रजीत म्हणाल्या.

"वेळ लागेल म्हणतात, आजी."

"अरे, माझा चष्मा फुटल्यापासून आपल्या भाषेतलं भजनाचं पुस्तक हीच वाचून दाखवते मला दर रविवारी! ते काय झाडावरची पाखरं वाचतात? सांग त्यांना!"

मॅडमना शब्द न् शब्द कळला होता. तरी पहारेकऱ्याचं भाषांतर संपेपर्यंत त्या थांबल्या.

"ठरलंय ते ठरलंय," म्हणाल्या.

आजीनं कागदाची घडी केली, नातीचा हात धरला आणि शाळेतून तिचं नाव काढून घेतलं.

दोन आठवडे मॅडमना घास गोड लागला नाही. शेवटी एका शनिवारी त्या नाक्यावर गेल्या. आजी निखाऱ्यांवर केळी उलटत होती. तिनं वरही पाहिलं नाही.

"आलात? केळी देऊ, की आणखी एखादा कागद देताय?"

"आजी, डुफीला वाचता येतं. मला तेव्हाच कळलं होतं."

आजीचा चिमटा थांबला. "तेव्हाच?"

"तेव्हाच."

"मग आता तिलाच सांगा. रविवारी पाद्रीबाबा म्हणाले, वाच गं. तर म्हणाली, मला येत नाही, शाळेनं तसं लिहून दिलंय. पुस्तकाला हात लावत नाही आता."

डुफी मागं ओट्यावर शेंगदाणे सोलत बसली होती. मॅडम तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि ट्वीत म्हणाल्या, "डुफी, तुला येतं गं. चुकलं ते माझं. तू बरोबर वाचत होतीस."

डुफीच्या हातातली शेंग तशीच राहिली. डोळे हे एवढे मोठे झाले. तिनं रस्त्याच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं, मग पुढं झुकून हळूच म्हणाली,

"मॅडम, गप्प बसा. कुणीतरी ऐकेल, मग तुमच्याही गळ्यात पाटी येईल. मी नाही सांगणार कुणाला."

"अगं, मी काय म्हणते ते ऐक..."

"श्श," डुफी म्हणाली, आणि त्यांच्या हातावर मूठभर शेंगदाणे ठेवले.