नाही समजलं

तिसरा दगड काच फोडून आत आला आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या कपाळावर बसला. रक्त नाकावरून ओघळत असतानाच त्यांनी पिस्तूल दाराकडे रोखलं.

"हलव हात, टॅटरसॉल! संपवाल्या विणकरांनी गिरणीचं फाटक पेटवलंय म्हणावं, सोजीर धाडा!"

इनॉक टॅटरसॉलनं तारयंत्राच्या मुठी फिरवल्या. लँकशायरभर रिवाज एकच होता. एक शब्द धाडायचा, पलीकडून काट्यानं 'समजलं' अशी खूण आली की मगच पुढचा. पलीकडे, तीस मैलांवर सैनिकांच्या छावणीच्या गावी, तारयंत्रावर हेस्टर बसलेली असे.

त्यानं 'सोजीर' धाडलं. काटा उलटा डोलला : नाही समजलं. पुन्हा धाडलं. नाही समजलं. पाचव्यांदाही तेच.

तीन वर्षांत हेस्टरनं एकही शब्द दोनदा मागितला नव्हता. इनॉकनं तिला कधी पाहिलं नव्हतं. एकदा निवांत वेळी तिनं कळवलं होतं, माझा धाकटा भाऊ तुमच्याच गावच्या गिरणीत माग चालवतो.

"गेला का निरोप?"

नाही म्हटलं तर हेस्टरला तुरुंग. सोजीर आले नाहीत, तर तार तुटली होती असं नंतर सांगता येईल.

"गेला, साहेब."

दार फुटलं. पिस्तुलाचा बार उडाला आणि पुढचा विणकर पोट धरून खाली बसला. बाकीच्यांनी साहेबांना आडवं केलं. लाकडी तळाच्या बुटांखाली बरगड्या मोडल्याचा आवाज स्पष्ट आला.

"काय रे मालकाच्या कुत्र्या, बोलावलंस सोजिरांना?" लोखंडी पहार घेतलेला एकजण म्हणाला. "तुझा बाप आमच्या शेजारी माग चालवायचा. लाज नाही वाटली?"

"तो तोंडानं कुठला बोलतोय! बोटांनी बोलतो," मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले.

निरोप गेलाच नाही, एवढं म्हटलं असतं तर इनॉक सुटला असता. पण साहेब जमिनीवर कण्हत होते आणि त्यांचे डोळे उघडे होते. समोरच्या चेहऱ्यांत हेस्टरचा भाऊ कोणता, हे इनॉकला ठाऊक नव्हतं.

"कुठल्या हातानं धाडलंस?"

इनॉकनं दोन्ही तळवे टेबलावर पालथे पसरले.

"एका हातानं चालत नाही हे," तो म्हणाला.